आठ पन्नासचा फोन

आमच्या ब्रोकन हिलचं सगळंच उलटं. गाव कागदोपत्री सिडनीच्या राज्यात, पण घड्याळ लावतं ॲडलेडचं. सिडनीत नऊ वाजले की आमच्याकडे साडेआठ. डोळ्याचं ऑपरेशन ॲडलेडला, फुटबॉलचा लाडका संघ ॲडलेडचा, टेलिफोनचा कोडसुद्धा ॲडलेडचाच, शून्य आठ. सिडनीचा आहे शून्य दोन. सिडनीकडून आम्हाला मिळतात ती फक्त पत्रकं, आणि 'तुमच्याकडे अर्धा तास मागे का' म्हणून विचारणारे साहेब.

डेरिल झामिट याच गावात जन्मला. वीस वर्षं खाणीत वायरमन होता. खाणीनं माणसं कमी केली तेव्हा वर आला आणि ऑफिसांचे फोन बसवायला लागला. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, पण क्लासला जाऊन पोरांच्या बरोबरीने शिकला. त्यामुळे आपलं काम आपण चोख करतो, याचा त्याला अंमळ गर्वच होता.

ऑक्साइड स्ट्रीटवरच्या शेजार केंद्राचं काम त्याला मिळालं ते फेब्रुवारीत. केंद्र म्हणजे दोन खोल्या, पाच टेबलं आणि एक चहाची किटली. पण गावातल्या चौसष्ट एकट्या म्हाताऱ्या माणसांचा जीव त्या दोन खोल्यांवर टांगलेला. रोज सकाळी केंद्रातून प्रत्येकाला ठरलेल्या वेळी फोन जातो. समोरच्यानं उचलला, 'ठीक आहे' म्हणाला, की त्याच्या कार्डावर खूण. नाही उचलला, तर दहा मिनिटांनी परत. तरीही नाही, तर भिंतीवरच्या कपाटातून त्या घराची किल्ली काढायची आणि निघायचं. बस, एवढंच. पण एवढ्यानं आजवर सात माणसं वाचली आहेत.

सिडनीच्या मुख्य कार्यालयाला वाटलं, आता सगळीकडे इंटरनेटवरचे नवे फोन हवेत. डेरिलनं ते आणून टेबलांवर मांडले आणि सोमवारी दिवसभर डायल प्लॅन लावत बसला. डायल प्लॅन म्हणजे कुणी कोणते आकडे दाबले की तो फोन कुठल्या वाटेनं कुठे जायचा, त्याचे नियम. नियमांचा साचा सिडनीहून आयताच आला होता. डेरिलनं राज्य निवडलं, बाकीचे रकाने आपोआप भरले गेले. मग तो गावाच्या खोडी लक्षात घेऊन एकेक दुरुस्ती करत गेला.

जुन्या फोनवर बाहेर बोलायचं तर आधी शून्य दाबावं लागे. नव्यात ती भानगड नव्हती. पण तीस वर्षांची सवय बोटांतून जाते थोडीच? घाबरलेलं माणूस ॲम्ब्युलन्सचे तीन शून्य दाबताना जुन्या सवयीनं चार दाबेल, हे ओळखून त्यानं चार शून्यांनाही ॲम्ब्युलन्सच्याच वाटेला लावलं. त्यातच त्याचा अर्धा दिवस गेला. सिडनीचं घड्याळ काढून गावाचं लावलं, नाहीतर केंद्र साडेचारलाच 'आता बंद आहे' असं सांगत बसलं असतं. चौसष्ट जणांची नावं आणि पूर्ण दहा आकडी नंबर त्यानं स्वतःच्या हातानं यादीत भरले, म्हणजे नावावर बोट ठेवलं की फोन लागेल.

"घड्याळ विसरलो नाही बघा," संध्याकाळी तो सिडनीच्या साहेबाला फोनवर ऐकवत होता. "तुमच्या साच्यात आमचं गाव बसत नाही."

नोलीन ट्रेगेन्झा शेजारी बसून हे ऐकत होती. नोलीन म्हणजे केंद्राची सकाळची बाई, एकाहत्तर वर्षांची, बिनपगारी, आणि केंद्रात तिच्या शब्दाबाहेर कुणी नाही. डेरिल लहान असल्यापासून ती त्यांच्या शेजारी राहायची. त्याचं शेंबडं नाक तिनं पुसलेलं, त्यामुळे त्याच्या हुशारीचं तिला फारसं कौतुक नव्हतं.

"झाली का शेखी मिरवून?" ती म्हणाली. "मग मला सांग, या डबड्याचा तांबडा दिवा का लुकलुकतोय?"

"कुणीतरी निरोप ठेवला असेल. ते बटण दाबून ऐक."

"मला निरोप नको. मला माणूस लागतं," नोलीन म्हणाली आणि दिव्यावर चिकटपट्टी लावून मोकळी झाली.

ही सोमवारची गोष्ट. गुरुवारी सकाळी साडेदहाला डेरिल सहज डोकावला. नव्या यंत्रणेचे पहिले तीन दिवस कसे गेले, कुठला फोन मधेच तुटला का, एवढं बघायचं होतं. नोलीननं त्याच्यापुढे चहा ठेवला, लॅमिंग्टन केकचा तुकडा ठेवला, आणि तो लॅपटॉप उघडून सकाळच्या फोनांची यादी खाली खाली सरकवू लागला. प्रत्येक नंबराच्या आधी आठ. आठ, आठ, आठ. आणि मधेच एका ओळीला दोन.

त्याचं बोट थांबलं. वेळ आठ पन्नास. त्यानं बुधवार उघडला. आठ पन्नास, तोच नंबर, आधी दोन. मंगळवार, तेच. मंगळवारी बोलणं झालं होतं एक मिनिट. बुधवारी चार. आज अकरा.

"नोलीन, आठ पन्नासला तू कुणाला फोन करतेस?"

"ती नवी आहे ना, मारुशिच. तिच्या मुलीनं पर्थहून फॉर्म भरून घराच्या किल्लीसकट पाठवलाय. तुझ्या यादीत तिचं नाव नाही, सोमवारी तू गेल्यावर कार्ड आलं. मी आपली कार्ड बघून नंबर दाबते."

"आठ आकडे?"

"मग? आपल्याच गावात फोन करायला कोड कशाला दाबू? मी काय परदेशातून बोलतेय?"

बरोबरच होतं तिचं. गावात कुणीच कोड लावत नाही. लावायचा नसतोच, नुसते आठ आकडे दाबले की पुढचा कोड यंत्रानं आपण होऊन जोडायचा असतो. डेरिलनं नियम उघडला. राज्य निवडलं तेव्हा साच्यानं जो रकाना आपोआप भरला होता, त्यात शून्य दोन होतं. सिडनीचा कोड. घड्याळ आठवलं आणि कोड विसरला. सोमवारी चाचणी घेतली तेव्हा त्यानं मोबाइल लावून बघितला, ॲडलेड लावून बघितलं, यादीतली नावं लावून बघितली. नुसते आठ आकडे, जे गावातलं शेंबडं पोरही दाबतं, तेवढे दाबून बघायचे राहिले.

"आणि बोलतं कोण?" त्यानं विचारलं.

"ती. छान बोलते बाई. पहिल्या दिवशी जरा बुजली होती. आज तर मांजरीचं बाळंतपण सांगत बसली, मला ठेवता येईना."

"मारुशिच बाईंकडे मांजर नाही, नोलीन. त्या मांजरांना दगड मारतात. त्यांच्याकडे कॅनरी आहेत."

नोलीनचा कप हवेतच राहिला.

"त्या बोलतात कशा?" डेरिलनं विचारलं.

"कशा म्हणजे? तुझ्यामाझ्यासारख्या."

"त्या क्रोएशियाच्या आहेत. साठ वर्षं इथे राहूनही त्यांचे उच्चार तिकडचेच. तुला कळलं कसं नाही?"

"मी तिला कधी भेटलेय का?" नोलीनचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "मला वाटलं, आडनाव नवऱ्याचं असेल. आणि मी नाव घेऊन विचारतच नाही रे कधी. मी म्हणते, काय गं सोने, ठीक ना? ती म्हणाली, ठीक."

तिनं तीन दिवस 'ठीक'ची खूण केलेलं कार्ड टेबलावर होतं. डेरिलनं रिसीव्हर उचलून शून्य आठ लावून मारुशिचबाईंचा खरा नंबर फिरवला. घंटा वाजत राहिली. त्यानं ठेवून परत लावला. वाजतच राहिली. नोलीन तोवर कपाटातून किल्ली घेऊन दारात उभी होती.

डेरिलच्या गाडीतून दोघं निघाली. क्लोराइड स्ट्रीटचा सिग्नल त्याला कधी नव्हे तो लांबलचक वाटला. त्याला ल्यूबा मारुशिच आठवत होती. बापाबरोबर खाणीत काम करणाऱ्या अन्तेची बायको, शाळेतून येताना कुंपणावरून पिकलेली अंजिरं हातावर ठेवणारी, आणि न सांगता तोडली तर झाडू घेऊन धावणारी. आता वय त्र्याऐंशी. तीन दिवस. तीन दिवसांत माणसाचं काहीही होऊ शकतं, आणि बाहेर बेचाळीस अंश ऊन. त्याला रडू येत होतं आणि रडायची लाज वाटत होती.

घर पत्र्याचं, पडदे ओढलेले. दार उघडल्याबरोबर आत कॅनरी ओरडत होत्या. पलंग आवरलेला नव्हता. पॅसेजमधल्या स्टुलावर टेलिफोन, आणि त्याच्यापुढे सहा फुटांवर, न्हाणीघराच्या उंबऱ्यात, ल्यूबाबाई जमिनीवर कुशीवर पडलेल्या. नाइटगाऊन, एक पाय वेडावाकडा. डोळे उघडे.

"आलात," त्या म्हणाल्या. ओठ सुकून पांढरे झाले होते. "किती उशीर."

खाणीत शिकलेलं डेरिलच्या कामी आलं. मोबाइलवरून ॲम्ब्युलन्स बोलावली, पाय हलवू दिला नाही, टॉवेल भिजवून ओठांवर धरला. नोलीन फरशीवर बसून त्यांचं डोकं मांडीवर घेत होती.

"कधी पडलात?"

"आज सकाळी सहाला. पाय निसटला." त्या थांबत थांबत बोलत होत्या. "तरी मी घाबरले नाही. मुलगी म्हणाली होती ना, आठ पन्नासला फोन येतो, उचलला नाही की किल्ली घेऊन माणूस येतो. मंगळवारी नाही आला, काल नाही आला. म्हटलं, कागदपत्रं व्हायची असतील. आठवण करून द्यायला मी काय भिकारीण आहे? पण आज येईल असं वाटलं. शेजारी गाडी निघाली तेव्हा ओरडणार होते. मग म्हटलं, कशाला? पावणेनऊ होत आलेत. दम राखून ठेवावा. आता फोन वाजेल, मी उचलणार नाही, आणि येतीलच." त्यांनी टेलिफोनकडे बघितलं. "तो वाजलाच नाही."

डेरिलला वर बघवेना. टॉवेल परत भिजवायला म्हणून तो उठला आणि नळ सोडून तसाच उभा राहिला.

ॲम्ब्युलन्स सहा मिनिटांत आली. खुब्याचं हाड मोडलं होतं, अंगातलं पाणी कमी झालं होतं, पण जीव शाबूत होता. संध्याकाळच्या विमानानं ॲडलेडला न्यायचं ठरलं. डेरिल केंद्रात परतला. नियमातला एक आकडा पुसून दुसरा लिहायला त्याला चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत, आणि त्याचंच त्याला सगळ्यात वाईट वाटलं. मग त्यानं नुसते आठ आकडे दाबून अर्धं गाव लावून बघितलं. बेकरी, शाळा, बायकोचं पार्लर. सगळीकडे फोन लागला, सगळ्यांनी त्याला विचारलं की आज तुला झालंय काय.

सिडनीच्या साहेबाचं म्हणणं पडलं की तक्रार 'किरकोळ, दुरुस्त' म्हणून बंद करावी. साचा त्यांचा होता, त्यामुळे त्यांनाही ते बरंच होतं. डेरिलनं 'किरकोळ' हा शब्द खोडला आणि जे झालं ते सगळं लिहून पाठवलं, स्वतःच्या नावानिशी.

मग तो दवाखान्यात गेला. ल्यूबाबाई झोपेच्या औषधानं जड झाल्या होत्या, पण शुद्धीवर होत्या.

"मिसेस मारुशिच, चूक माझी आहे," त्यानं सांगितलं. "तुमचा फोन मी सिडनीला पाठवत होतो. तीन दिवस."

"सिडनीला? का?"

त्यानं समजावलं. दोन आकडे, एक रकाना. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सांगून पाय जुळत नाही," त्या म्हणाल्या.

"नाही जुळत."

"पण सांगितलंस. अन्ते म्हणायचा, तुझा बापही असाच होता, चुकला की येऊन सांगायचा. बाकीचे खाणीवर ढकलायचे." थोडा वेळ त्यांनी डोळे मिटले. डेरिलला वाटलं झोपल्या. "आणि तिकडे उचलत कोण होतं?"

"माहीत नाही. एक म्हातारी बाई आहे. नोलीन 'सोने' म्हणायची, ती 'ठीक आहे' म्हणायची."

"तीन दिवस?"

"तीन दिवस. आज अकरा मिनिटं बोलली."

"तिला रागावू नकोस," ल्यूबाबाई म्हणाल्या. "माझ्याकडे कुणी चुकून फोन केला असता आणि ठीक आहेस का विचारलं असतं, तर मीही ठेवला नसता."

शुक्रवारी सकाळी डेरिल पावणेनऊलाच नोलीनच्या टेबलाशी जाऊन बसला. रात्रभर त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. त्या सिडनीच्या बाईनं मंगळवारीच 'चुकीचा नंबर' म्हटलं असतं, तर त्याच दिवशी सगळं कळलं असतं. खरं तर अर्धी चूक तिची होती. अर्धी तिच्या पदरात टाकली असती तर त्याचं ओझं अर्धं झालं असतं, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

आठ पन्नासला त्यानं शून्य दोन लावून नंबर फिरवला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत फोन उचलला गेला.

"गुड मॉर्निंग, मी अगदी ठीक आहे," एक बारीक, हसरा आवाज म्हणाला.

"मी डेरिल झामिट बोलतोय, बाई. ब्रोकन हिलहून. फोनचं काम करतो."

हसू कुठल्या कुठे गेलं.

"कळलं तर तुम्हाला," ती म्हणाली. "मी डोरीन हॅसेट. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं हो. मी कुणाकडे नाव दिलेलं नाही, मला कोण फोन करणार? मी सांगणारच होते. पण त्यांनी 'काय गं सोने' म्हटलं. मग म्हटलं उद्या सांगू. काल तर मी त्यांच्यासाठी गोष्ट जमवून ठेवली होती, मांजरीची. नुसतं 'ठीक' म्हटलं की ठेवून देतात ना."

डेरिलनं नोलीनकडे बघितलं. फोनचा आवाज खोलीत ऐकू येईल असं बटण त्यानं दाबून ठेवलं होतं. नोलीननं चष्मा काढून हातात घेतला होता.

"ज्या बाईंचा तो फोन होता," डोरीननं विचारलं, "त्या बऱ्या आहेत ना?"

"काल सकाळी पडल्या. खुबा मोडलाय. ऑपरेशन आज आहे, पण डॉक्टर म्हणतात, होतील बऱ्या."

"काल सकाळी. म्हणजे मी मांजरीचं सांगत होते तेव्हा. माझ्यामुळे झालं का हे? मी खरं सांगितलं असतं तर?"

इथे नुसतं गप्प राहिलं असतं तरी पुरे होतं. रात्रभर मनात घोळवलेलं सगळं डेरिलच्या जिभेवर होतं.

"नाही, बाई," तो म्हणाला. "तुमच्या घरात घंटा वाजली, तुम्ही फोन उचललात. कुणीही उचलतं. ती घंटा कुठल्या घरात वाजायची, ते ठरवणं माझं काम होतं. ते मी चुकलो. तुमच्याकडे त्यातलं काही येत नाही."

तिकडे ती रडत होती, आवाज न करता, पण कळत होतं. डेरिलनं फोन धरून ठेवला. बऱ्याच वेळानं तिनं नाक ओढलं.

"त्यांना माझा नमस्कार सांगा. आणि त्या सोने म्हणणाऱ्या बाईंना सुद्धा. आता काही फोन येणार नाही, ते मला माहीत आहे. गावाबाहेरच्यांसाठी नसेल ना तुमचं हे."

नव्हतंच. केंद्राचा नियम सरळ होता, गावातली माणसं, आणि ज्या घराची किल्ली कपाटात आहे अशीच. सिडनीतल्या घराची किल्ली घेऊन अकराशे किलोमीटर कोण धावणार? डेरिल 'बघतो' म्हणणार होता, जे आपण सगळे म्हणतो आणि मग कुणीच बघत नाही.

नोलीननं खण उघडून एक कोरं कार्ड काढलं. वर मोठ्या अक्षरात लिहिलं, डोरीन हॅसेट. वेळेच्या जागी लिहिलं, आठ पन्नास. नंबराच्या जागेवर पेन टेकवून ती थांबली. मारुशिचबाईंच्या कार्डावर आठ आकडे होते, त्यांवर तिनं एकदा नजर टाकली आणि ते कार्ड बाजूला सरकवलं.

"डेरिल," ती म्हणाली, "सगळे दहा आकडे सांग. एकही गाळू नकोस."

त्यानं सांगितले. तिनं ते लिहून त्याला मोठ्यानं वाचून दाखवले, मग पुन्हा एकदा वाचले, आणि त्याच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला.